पायमोज्यांचे साधे शास्त्र : रोज वापरता येतील, परवडतील आणि पायाला मानवतील असे मोजे कसे निवडावेत?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. साताऱ्यात थंडी चांगलीच पडली होती. सकाळच्या वेळी एक निवृत्त हवालदार सुनेबरोबर दवाखान्यात आले. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह बारा वर्षांपासून, चाल अजूनही ताठ. तक्रार रक्तदाबाच्या गोळीची होती. पाय तपासायचे म्हणून मी त्यांना मोजे काढायला सांगितले आणि पाहिले, तर दोन्ही पोटऱ्यांवर, घोट्याच्या चार बोटे वर, दोरीने आवळल्यासारखे खोल वळ उमटलेले होते. उजव्या वळाच्या खालची कातडी लालसर झाली होती. एका ठिकाणी ती फाटून लहानशी जखम झाली होती आणि तिची त्यांना मुळीच जाणीव नव्हती.

"बाबा, हे मोजे फार घट्ट आहेत," मी म्हणाले.

ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, बाजारात आता असलेच मिळतात. पलटणीत आम्हाला गुडघ्याखालपर्यंत येणारे लोकरीचे मोजे असायचे. दिवसभर घातले तरी ना खाली उतरायचे, ना काचायचे. तसले कुठे मिळतील, ते तुम्हीच सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हते. अठ्ठावीस वर्षे मी या जिल्ह्यात वैद्यकीय व्यवसाय करते आहे. पायांच्या सुजेवर, जखमांवर, भेगांवर आणि चिखल्यांवर असंख्य औषधे लिहिली, पण पाय दिवसाचे दहा तास ज्या वस्त्रात असतो, त्याची चौकशी क्वचितच केली. त्या दिवसानंतर मी ती करू लागले. साताऱ्याच्या खण आळीत आणि राजपथावर, तसेच आईकडे सांगलीला गेले की कापड पेठेत आणि मारुती रोडवर दुकानांत शिरून मोजे हाताळू लागले. त्यातून जे उमगले आणि वैद्यकशास्त्र जे सांगते, ते या लेखात आपल्यापुढे मांडते आहे.

पलटणीतल्या मोज्यात काय होते?

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. येथील मिलिटरी अपशिंगे या गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या युद्धात खंदकातल्या ओल्या चिखलात उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सडले. पाय कोरडे करा, मोजे बदला आणि पोटरीवरच्या पट्ट्या आवळून बांधू नका, असा त्यावरचा उपाय लष्कराला सैनिकांच्या अंगवळणी पाडावा लागला. पोटरीला गुंडाळायच्या त्या कापडी पट्टीला इंग्रजांनी 'पटी' म्हटले, तो शब्दही आपल्याच 'पट्टी'वरून तिकडे गेला.

लांब लोकरी मोज्यांची परंपरा मात्र स्कॉटलंडसारख्या थंड मुलुखातली. तेथे किल्ट नावाच्या घोळदार वस्त्राखाली गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारे जाड मोजे घालतात. त्यांची वरची कड रुंद असते आणि ती दुमडून खाली सोडलेली असते. मोजा जागेवर राहावा म्हणून दुमडीच्या आत निराळा बंद बांधतात. आपल्याला त्या पोशाखाशी कर्तव्य नाही, परंतु त्या मोज्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्याचा भार पोटरीवर पसरलेला असतो. लांब आणि रुंद विणीमुळे तो पायाला अलगद धरून राहतो. आपल्याकडचा स्वस्त मोजा अर्ध्या इंचाच्या रबरी कडेवर तोललेला असतो. तीच कड सुजलेल्या पायात रुतते. हवालदारबाबांची तक्रार म्हणजे केवळ जुन्या दिवसांची आठवण नव्हती. ती शास्त्राला धरून होती.

मोजे आणि साहेबी

आपल्या भागात मोजे घालण्याविषयी एक संकोच आहे. जन्मभर वहाणा घालून शेतात राबलेले आजोबा म्हणतात, "आता मोजे घालून काय साहेब व्हायचंय?" आजींची अडचण वेगळी असते. पायात जोडवी असतात, मोजा त्यांत अडकतो, धागे निघतात, आणि जोडवी काढायला मन तयार होत नाही. या भावनेची थट्टा करू नये. अंगठा वेगळा असलेले मोजे चपलेत घालता येतात. जोडवी गुळगुळीत, टोक नसलेली आणि बोटात सहज फिरणारी असली म्हणजे पुरे. मात्र बोट सुजून जोडवे रुतू लागले असेल, तर ते वेळीच सोनाराकडून कापून सैल करून घ्यावे. सौभाग्यलेणे जपायचे आहे, तसे बोटही जपायचे आहे.

उतारवयात तळव्याखालची चरबी पातळ होते, कातडी कोरडी पडते, रक्तपुरवठा मंदावतो. मधुमेह असेल तर स्पर्शाची जाणीवही कमी होते. खडा टोचला, चप्पल चावली, फरशी तापली तरी कळत नाही. अशा पायाला मोजा हे संरक्षण आहे. पण तोच मोजा चुकीचा असला, तर इजेचे कारण होतो.

कापड कोणते घ्यावे?

सुती मोजा मऊ असतो आणि आपल्या हवेला मानवतो, पण घाम शोषून ओला राहतो. निव्वळ नायलॉनचा मोजा टिकाऊ असला तरी पाय उबतो आणि वास येतो. म्हणून रोजच्या वापरासाठी बहुतांश सूत, थोडे नायलॉन आणि अगदी थोडा ताणणारा धागा असे मिश्रण उत्तम. पाकिटावर ही टक्केवारी छापलेली असेल तर ती वाचावी. काहीच लिहिलेले नसेल, तर हाताने चाचणी घ्यावी. ती पुढे सांगते.

लोकरीचा गुण असा, की थोडी ओल आली तरी ती ऊब धरून ठेवते. महाबळेश्वर-पाचगणीकडे, जेथे वेण्णा तलावाच्या काठी थंडीत दवबिंदू गोठतात, तेथे ज्येष्ठांना लोकरी मोजे अवश्य हवेत. सांगली-मिरजेच्या सपाटीवर मात्र वर्षातले बहुतेक महिने सुती मिश्रणाचेच मोजे सोयीचे.

येथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माण-खटावला आणि जतकडे एवढी मेंढरे आहेत, मग आपल्या लोकरीचे मोजे का होत नाहीत? आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. तिचे घोंगडे उत्तम होते, पण ज्येष्ठांच्या नाजूक कातडीला तिचा मोजा टोचेल. बाजारात गरम मोजे येतात ते बहुधा लुधियानासारख्या ठिकाणांहून. त्यांतही 'लोकरीचे' म्हणून विकले जाणारे पुष्कळसे मोजे प्रत्यक्षात ॲक्रिलिकचे असतात. ते वाईट असतात असे नाही. ऊब देतात, स्वस्त असतात, धुवायला सोपे असतात. फक्त लोकरीचा भाव देऊन ॲक्रिलिक घेऊ नये. शंका असल्यास एक सुटा धागा चिमट्यात धरून ज्योतीवर न्यावा. लोकर केस जळल्यासारखी वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

दुकानात करावयाच्या पाच गोष्टी

पहिली, घरून निघताना पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर सुताने मोजून ते सूत बरोबर न्यावे. मोज्याची वरची कड दोन्ही हातांनी ताणून पाहावी. ती त्या सुताएवढी सहज उघडली पाहिजे. जोर लावावा लागत असेल, तर तो मोजा आपला नव्हे.

दुसरी, कड किती रुंद आहे ते पाहावे. निदान दोन-तीन बोटे रुंद, उभ्या धारांच्या विणीची, दुकानदार जिला 'रिब' म्हणतात तशी कड घ्यावी. बारीक आणि चकचकीत रबराची कड टाळावी.

तिसरी, मोजा उलटा करून बोटांच्या जागेवरची शिवण चाचपावी. तेथे जाड गाठ किंवा कडक दोरा लागला, तर मधुमेही व्यक्तीसाठी तो बाद. नाइलाजाने घेतलाच, तर शिवण बाहेर येईल असा उलटा घालावा. दिसायला बरे दिसणार नाही, पण बोट वाचेल.

चौथी, टाच आणि तळवा उजेडासमोर धरून पाहावा. तेथे वीण दाट असेल, आतून टॉवेलसारखी मऊ असेल, तर मोजा टिकेल आणि तळव्याला गादीही मिळेल.

पाचवी, 'फ्री साइज' या शब्दावर विसंबू नये. लहान मोजा बोटे दाबतो, मोठ्याला सुरकुत्या पडतात आणि सुरकुतीखाली फोड येतो. पादत्राणाचा क्रमांक सांगून त्या मापाचा मोजा मागावा.

परवडणारे कुठे मिळतील?

शाळेच्या गणवेशाच्या दुकानात गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे मोठ्या मापांतही मिळतात आणि त्यांची किंमत बेताची असते, हा माझा मोठाच शोध ठरला. जूनच्या सुमारास त्यांचा साठा भरपूर असतो. मात्र वरची कड ताणून पाहण्याची चाचणी येथे चुकवू नये, कारण मुलांच्या मोज्यांची कड घट्ट असू शकते. खेळाच्या साहित्याच्या दुकानातले फुटबॉलचे लांब मोजे बहुधा नायलॉनचे असतात. ते ज्येष्ठांनी दिवसभर घालू नयेत. हिवाळ्यात गावोगावी स्वेटर-मफलरवाले येतात, त्यांच्याकडे गरम मोजे स्वस्तात मिळतात. रात्री घालण्यासाठी त्यांतले सैल मोजे चांगले.

आणखी एक मार्ग घरातलाच आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येक आजींना विणकाम येते. दोन्हीकडे टोके असलेल्या सुयांवर गोल विणलेल्या मोज्याला शिवणच नसते. टाच वळवणे जरा अवघड, पण एकदा हात बसला की जन्मभर विसरत नाही. स्वतःच्या पोटरीच्या मापाने विणलेल्या मोज्याची सर दुकानातल्या कोणत्याही मोज्याला येणार नाही. गाठी मात्र बाहेरच्या बाजूस ठेवाव्यात.

किमतीचा हिशेब वर्षाचा करावा. समजा, साठ रुपयांची जोडी दोन महिन्यांत सैल पडली, तर वर्षाला तीनशे साठ रुपये झाले. एकशे ऐंशी रुपयांची जोडी वर्षभर टिकली, तर खर्च निम्मा. एकाच रंगाच्या तीन जोड्या घ्याव्यात. एक पायात, एक दोरीवर, एक कपाटात. एखादा मोजा फाटला, तरी उरलेल्यांची जोडी जुळते. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेथे पाच जोड्या असाव्यात. रंग शक्यतो पांढरा किंवा फिका घ्यावा. जखमेतून रक्त किंवा पाणी आले, तर ते फिक्या मोज्यावर लगेच दिसते. बधिर झालेल्या पायासाठी ही धोक्याची पहिली सूचना ठरू शकते.

दाब देणारे मोजे : माझी एक चूक

आता थोडे गंभीर. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, उभ्याने काम करून संध्याकाळी पाय सुजत असतील, तर डॉक्टर दाब देणारे मोजे सुचवतात. हे मोजे घोट्याशी अधिक आणि वर जाताना कमी दाब देतात, त्यामुळे शिरांतले रक्त वर सरकायला मदत होते. ते निरनिराळ्या दाबांचे असतात आणि त्यांचे माप सकाळी, सूज येण्यापूर्वी, घोट्याचा व पोटरीचा घेर आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंतची लांबी घेऊन ठरवायचे असते.

काही वर्षांपूर्वी मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींना मी असे मोजे लिहून दिले. त्यांनी मान डोलावली. आठ महिन्यांनी त्या आल्या, तेव्हा घोट्याच्या आतल्या बाजूस रुपयाएवढा व्रण होता. मोज्यांचे विचारले, तेव्हा त्या खाली पाहून म्हणाल्या, "दोन पायांचं परवडंना बाई, म्हणून एकाच पायाचा घेतला. वर चढंना, मग वरनं दुमडून घालत व्हते." माप लहान होते आणि दुमडलेल्या जागी दाब दुप्पट झाला होता. ज्यासाठी मोजा दिला, नेमके त्याच्या उलट घडले. व्रण भरायला सात महिने लागले. त्या काळात त्यांच्या धंद्याचे किती नुकसान झाले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मला विचारायचे धैर्य झाले नाही. चूक त्यांची नव्हती. किंमत किती आहे, झेपेल का, घरी घालून देणारे कोणी आहे का, हे मी विचारायला हवे होते आणि मोजा एकदा माझ्यासमोर घालून घ्यायला हवा होता.

म्हणून आपणास विनंती, की डॉक्टरांनी लिहिलेली वस्तू परवडत नसेल, तर तसे संकोच न करता सांगा. दोन्ही पायांना गरज नसेल, तर एकाच पायाचे काम भागते. कमी दाबाचा, घालायला सोपा मोजाही पुष्कळदा उपयोगी पडतो, कारण कपाटात पडून राहिलेल्या भारी मोज्यापेक्षा रोज पायात असलेला साधा मोजा बरा. क्रेप बँडेज स्वस्त असते, पण ते बांधायला शिकावे लागते आणि ते सैल पडले की पुन्हा बांधावे लागते.

हे मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घालावेत. टाचेपर्यंत उलटे करून आधी पाऊल घालावे, मग हळूहळू वर सरकवावे. हातात रबरी हातमोजे असले, तर पकड चांगली येते. वरून कधीही दुमडू नयेत. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर रात्री काढून ठेवावेत. रोज वापरातले मोजे सुमारे सहा महिन्यांत आपला दाब गमावतात.

स्वतःच्या मनाने घेऊ नका

दाब देणारे मोजे सर्वांसाठी नाहीत. चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबले की बरे वाटते, पाऊल थंड व फिकट असते, अशा व्यक्तीच्या धमन्यांत अडथळा असू शकतो. विडी-तंबाखू आणि मिश्रीची सवय असणाऱ्यांत आणि मधुमेहींत हे अधिक आढळते. अशा पायावर दाब दिला, तर आधीच अपुरा असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी पायातली नाडी तपासून घ्यावी, गरज पडल्यास हाताच्या आणि घोट्याच्या रक्तदाबाची तुलना करून घ्यावी.

दोन्ही पायांवरची सूज नेहमी शिरांचीच असते असेही नाही. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तक्षय अशी अनेक कारणे असतात. रक्तदाबाच्या अमलोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना दाखवावे. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम झाला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्या दिवशी मोजा शोधू नये, पाय चोळू नये, तडक रुग्णालय गाठावे. सोबत दम लागला किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब नको.

काळजी घेणाऱ्यांसाठी

मोजे रोज बदलावेत. घालण्यापूर्वी झटकून आत हात फिरवावा, कारण खडा, काडी किंवा मुंगी हाताला कळते, बधिर पायाला कळत नाही. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्याशिवाय मोजा घालू नये. २०१९ च्या महापुरात सांगलीकरांनी दिवसचे दिवस ओल्या पायांनी काढले, तेव्हा साध्या चिखल्यांतून पुढे किती त्रास उद्भवतो, हे अनेक घरांनी पाहिले. रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यानेही घरी आल्यावर पाय पुसून कोरडा मोजा घालावा.

धुताना कोमट किंवा गार पाणी वापरावे, पिळा घालू नये, सावलीत वाळवावे. उकळत्या पाण्याने आणि कडक उन्हाने ताणणारा धागा लवकर मरतो. फाटका मोजा रफू करण्याची आपली जुनी सवय चांगली, पण मधुमेही व्यक्तीच्या मोज्याला रफू नको. त्याची गाठ दिवसभर घासते आणि जखम करते.

गुळगुळीत फरशीवर नुसत्या मोज्यांनी चालू नये. माझी स्वतःची आई सांगलीच्या घरात मोजे घालून पहाटे उठली, घसरली आणि मनगट मोडून बसली. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घ्यावेत किंवा मोज्यांवर मागे पट्टा असलेली सपाता घालावी. पाय गार पडतात म्हणून बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये, शेगडीजवळ पाय शेकू नये. भाजलेले कळत नाही. सैल लोकरी मोजे पुरेत.

आणि दिवसातून एकदा, रात्री मोजे काढताना, पाय दिव्याच्या उजेडात पाहावेत. तळवा, टाच, बेचक्या, सगळे. वाकता येत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातल्या कोणी पाहावे. वळ अर्ध्या-पाऊण तासात मावळला नाही, कातडी लाल दिसली, फोड किंवा ओल दिसली, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

हवालदारबाबांची जखम तीन आठवड्यांत भरली. त्यांच्या सुनेने पोटरीच्या मापाचे सूत घेऊन गणवेशाच्या दुकानातून गुडघ्यापर्यंतचे, मऊ कडेचे तीन जोड पांढरे सुती मोजे आणले. थंडीतल्या रात्रींसाठी एक लोकरी जोड त्यांच्या थोरल्या बहिणीने विणून दिला. परवा ते तपासणीला आले, तेव्हा मी सांगण्यापूर्वीच त्यांनी मोजे काढून पाय पुढे केले. पोटरीवर एकही वळ नव्हता.

"पलटणीतल्यासारखे आहेत का?" मी विचारले.

"नाहीत," ते म्हणाले. "पण रोज रात्री सूनबाई पाय बघते. ते पलटणीत कोण बघत होतं?"